रेंज अडवणारी पिशवी : कशासाठी घ्यावी, कशासाठी घेऊ नये

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मोबाईलची रेंज म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नाही. आत फोन लागत नाही म्हणून तो उंबऱ्यात येतो, उंबऱ्यातही आवाज तुटू लागला की गल्लीत जाऊन उभा राहतो. शेजारच्या स्लॅबच्या घरात त्याच कंपनीचे कार्ड बरे चालते. लिफ्टचे दार लागले की बोलणे मध्येच तुटते, हे मोठ्या इमारतींत घरकामाला जाणाऱ्या आमच्या भगिनींना रोजचेच आहे. पत्रा आणि लिफ्ट जे काम फुकटात करतात, तेच काम करणारी एक छोटी पिशवी हल्ली बाजारात पैसे घेऊन विकली जाते. तिला 'सिग्नल ब्लॉकिंग पाऊच' म्हणतात. कुणी 'फॅराडे बॅग' असेही म्हणतात. फोन तिच्यात टाकून तोंड नीट मिटले की तो जगापासून तुटतो. बाहेरून फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असे ऐकू येते.

पिशवी खरी आहे. तिच्यामागचे शास्त्रही खरे आहे. परंतु ती विकताना जे सांगितले जाते त्यात खरे किती आणि भीती किती, हे पाहणे आवश्यक आहे. 'मोबाईलच्या किरणांनी कॅन्सर होतो, पाऊच घ्या', 'हॅकर बँक खाते रिकामे करतात, पाऊच घ्या', 'तुमचे बोलणे कुणीतरी ऐकते आहे, पाऊच घ्या', अशी ही विक्री चालते. किंमत काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत सांगितली जाते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात एवढ्या पैशांत आठवड्याचा किराणा येतो. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

लोहाराच्या मुलाचा पिंजरा

या पिशवीला ज्याचे नाव मिळाले तो मायकेल फॅराडे इंग्लंडमधल्या एका लोहाराचा मुलगा होता. जन्म 1791 चा. घरची गरिबी, शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी तो लंडनमधल्या एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीवर लागला आणि सात वर्षे तेथे राबला. बांधायला आलेली पुस्तके तो बांधता बांधता वाचीत असे. वीज आणि रसायन यांची गोडी त्याला तेथेच लागली. 1812 साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅराडेने व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि थेट डेव्हीकडे पाठवून दिली. पुढल्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी लागली. डेव्ही पतिपत्नींबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला तेव्हा बाईंनी त्याला घरगड्यासारखे वागवले, जेवायलाही नोकरांच्या पंक्तीत बसवले. हा अपमान गिळून तो शिकत राहिला. पुढे याच माणसाने विजेची मोटर आणि जनित्र ज्या तत्त्वांवर चालतात ती तत्त्वे जगापुढे ठेवली.

1836 मध्ये त्याने बारा फूट लांब, रुंद आणि उंच अशी लाकडी चौकट उभी केली. तिला तांब्याच्या तारा गुंडाळल्या, कागद लावला, वरून कथलाचा पत्रा चिकटवला. मग मेणबत्त्या आणि विजेचा अंश दाखवणारी उपकरणे घेऊन तो स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून त्या खोलीवर एवढी वीज सोडली की ठिणग्या उडू लागल्या. आत मात्र उपकरणांचे काटे हलले नाहीत.

असे का झाले? धातूत विजेचे सूक्ष्म कण मोकळे फिरत असतात. बाहेरून विजेचा दाब आला की ते असे सरकतात की आतल्या बाजूस त्या दाबाचा परिणाम पुसला जातो. मोबाईलच्या लाटा म्हणजे वेगाने मागे-पुढे होणारा विजेचा आणि चुंबकाचा जोरच होय. धातूचे अखंड आवरण त्यांचा बहुतेक भाग परतवते, उरलेला स्वतःत जिरवते. पिशवीत तांबे किंवा निकेल यांचा अतिशय पातळ मुलामा दिलेले कापड असते, बहुधा दोन-तीन थरांचे. ते हाताला साध्या कापडासारखे लागते, पण लाटांच्या दृष्टीने ते पत्र्यासारखे असते.

मग पत्र्याच्या खोलीत थोडी तरी रेंज का येते? दारातून, खिडकीतून, पत्र्यांच्या सांध्यांतून. टॉवर आणि फोन यांच्यामधल्या लाटेची लांबी साधारणपणे आठ-नऊ सेंटिमीटरपासून फूटभरापर्यंत असते. त्या मानाने बारीक असलेल्या छिद्रांतून ती फारशी जात नाही, परंतु लांबट फट तिला पुरते. फट केसाएवढी अरुंद असली तरी चालते. तिची लांबी लाटेच्या निम्म्याच्या आसपास गेली की लाट आत शिरते. म्हणूनच पिशवीची खरी परीक्षा तिच्या तोंडाशी होते. तोंड एकदाच दुमडून बटण लावलेली पिशवी कच्ची. दोनदा घडी घालून रुंद चिकटपट्टीने बंद होणारी त्यातल्या त्यात बरी. कापड घडीवर झिजले, मुलामा उडाला की पिशवी निकामी होते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

घरच्या घरी तपासा

विकत घेण्याआधी दुकानातच पाहावे. फोन पिशवीत बंद करून दुसऱ्या फोनवरून लावावा. मात्र लगेच लावू नये, दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण टॉवरशी असलेला संपर्क तुटला हे फोनला कळायला थोडा वेळ लागतो. नंतर फोनवर ब्लूटूथच्या स्पीकरवरून गाणे चालू करून तो पिशवीत टाकावा. टॉवरची रेंज तुटली पण गाणे चालूच राहिले, तर पिशवी अर्धवट आहे. टॉवरच्या अगदी जवळ उभे राहूनही एकदा पाहावे. लांबच्या टॉवरची क्षीण लाट अडवणे सोपे असते, जवळच्या टॉवरची जोरकस लाट अडवणे अवघड.

हाच प्रयोग पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाने करता येतो. फोनभोवती दोन-तीन वेढे घट्ट घेऊन कडा नीट दुमडल्या की बहुतेक वेळा रेंज जाते. पिठाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेला फोन मात्र पुष्कळदा वाजतो. डबा जाड, धातू अस्सल, तरीही! झाकण आणि डबा यांच्यामध्ये गोल फिरणारी जी फट राहते ती त्याचे कारण. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हा प्रयोग जरूर करू द्यावा. विज्ञानाच्या पुस्तकातला अर्धा धडा त्यात येतो आणि खर्च फक्त कागदाचा.

कॅन्सरची भीती

आता भीतीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये मोबाईलसारख्या लाटांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, हे खरे आहे. विक्रेते एवढेच सांगतात. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे ते सांगत नाहीत. पुराव्यावरून निश्चित ठरवता येत नाही, असा त्या गटाचा अर्थ. निश्चित कर्करोगकारक म्हणून जो पहिला गट आहे त्यात तंबाखू आहे. आमच्या वस्त्यांतून सकाळी सकाळी दातांना मिश्री लावणाऱ्या आया-बहिणी काही कमी नाहीत. मोबाईलच्या पाऊचवर पैसे घालण्याआधी तो मिश्रीचा डबा घराबाहेर काढला तर आम्ही अधिक समाधानी होऊ. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही.

शिवाय पाऊच पूर्ण बंद असेल तर फोन चालतच नाही, आणि चालत असेल तर तो लाटा सोडतोच. 'एका बाजूने किरण अडवणारे' म्हणून जे पाऊच आणि चकत्या विकल्या जातात, त्यांचा उलटा परिणाम होऊ शकतो. वाट अडली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन आपला जोर वाढवतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2002 सालीच अशा वस्तू विकणाऱ्यांवर कारवाई केली होती आणि लोकांना सावध केले होते. आपल्या देशात फोनने शरीरात किती ऊर्जा सोडावी याला किलोमागे 1.6 वॅट अशी मर्यादा आहे. *#07# दाबले की तुमच्या फोनचा आकडा पडद्यावर दिसतो. तेवढ्यानेही मन थाऱ्यावर येत नसेल तर लांबलचक बोलणे स्पीकरवर करावे, कारण अंतर वाढले की परिणाम झपाट्याने घटतो. पत्र्याच्या खोलीतून बाहेर येऊन बोलण्याची सवय या दृष्टीनेही बरी. रेंज चांगली असेल तेथे फोन कमी जोर लावतो.

पैशाची भीती

आमच्या माहितीत जी माणसे फसली, त्यांच्या फोनमध्ये लाटांवर स्वार होऊन कुणी शिरले नव्हते. फोन वाजला, त्यांनी उचलला आणि ओटीपी सांगितला. कुणाला 'तुमच्या नावाने पार्सल पकडले आहे' म्हणून दरडावले. कुणाला पोलिसी गणवेशातला माणूस पडद्यावर दाखवून 'डिजिटल अटक' केली. असा अटकेचा प्रकार कायद्यात कोठेही नाही. पाऊच अशा फसवणुकीला रोखू शकत नाही, कारण फोन वापरण्यासाठी तो पाऊचमधून काढावाच लागतो. पैसे गेलेच तर उशीर न करता 1930 या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थोपवली जाण्याची शक्यता अधिक. निवृत्तीच्या पैशांवर घर चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा क्रमांक पाठ करून द्यावा.

उलट पाऊच रोज वापरण्यात नुकसानच आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला मुकादमाचा फोन आला नाही, तर त्या दिवसाची हजेरी बुडते. शाळेतून मुलीला बरे नाही म्हणून फोन आला, तर तोही पोचत नाही. आत बंद केलेला फोन टॉवर शोधत राहतो, गरम होतो, बॅटरी उतरवतो. परीक्षेच्या दिवसांत मुलांचा फोन दूर ठेवायचा असेल तर तो बंद करून आईच्या पेटीत ठेवावा. अमेरिकेतल्या काही शाळांत मुलांचे फोन चुंबकी कुलपाच्या पाऊचमध्ये घालतात, त्या बातम्या वाचून गोंधळ होऊ देऊ नये. ते पाऊच रेंज अडवण्यासाठी नसून मुलांचे हात अडवण्यासाठी आहेत.

पाळतीची भीती

ही भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुलै 2021 मध्ये जगभरातल्या वृत्तसंस्थांनी 'पेगासस' या इस्रायली हेरगिरी यंत्रणेची माहिती उघड केली, तेव्हा भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांची नावे पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तांत्रिक समिती नेमली. तिने तपासलेल्या 29 फोनपैकी 5 फोनांत घातक प्रोग्रॅम आढळल्याचे 2022 मध्ये सांगण्यात आले, परंतु तो पेगाससच होता असे सिद्ध झाले नाही. 1 जानेवारी 2018 च्या भीमा कोरेगावच्या घटनेनंतर उभ्या राहिलेल्या एल्गार परिषद प्रकरणात तर एका अमेरिकन तज्ज्ञ संस्थेने 2021 मध्ये अहवाल दिला. रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरून आक्षेपार्ह पत्रे ठेवली गेली, असे तिचे म्हणणे होते. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाही.

अशा पाळतीपुढे पाऊच किती पुरा पडतो? तो पिशवीत आहे तोवर फोन कुठे आहे हे टॉवरला कळत नाही, आणि आतली माहिती बाहेर जात नाही. परंतु फोनमध्ये हेर आधीच बसला असेल तर पिशवीतही त्याचे कान उघडे असतात. कापड लाटा अडवते, आवाज अडवत नाही. हेराने टिपलेले सारे फोनमध्ये साठते आणि पिशवी उघडून रेंज येताच बाहेर पडते. 2013 मध्ये अमेरिकी हेरगिरी उघड करणारे एडवर्ड स्नोडेन हाँगकाँगमध्ये होते. भेटायला आलेल्या वकिलांना त्यांनी फोन फ्रीजमध्ये ठेवायला लावले होते. फ्रीजच्या जाड भिंतींनी बोलणे दबते, हे त्यातले मर्म. आपल्या कार्यकर्त्यांनी महत्त्वाच्या बैठकीत फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. त्याला पैसे पडत नाहीत.

चोर मात्र या पिशवीचा उपयोग बरोबर ओळखून आहेत. 2025 मध्ये लंडनच्या पोलिसांनी पकडलेल्या चोरांच्या गाडीत चंदेरी कागदात गुंडाळलेले फोन सापडले, माग लागू नये म्हणून गुंडाळलेले. चैत्यभूमीच्या किंवा दीक्षाभूमीच्या गर्दीत फोन गेला आणि तो नकाशावर दिसेनासा झाला, तर आशा सोडू नये. *#06# दाबून दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक आधीच वहीत लिहून ठेवावा. पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी'वर तो क्रमांक बंद करवावा. कागद किंवा पिशवी कधीतरी काढावीच लागते, आणि बंद केलेला फोन नवे कार्ड घालूनही देशातल्या नेटवर्कवर चालत नाही.

फोन साक्षीदार असतो तेव्हा

पाऊचचे खरे घर पोलीस ठाणे आणि प्रयोगशाळा हे आहे. जप्त केलेला फोन चालू राहिला आणि त्याला रेंज मिळाली, तर ज्याच्याकडे त्याचा पासवर्ड आहे तो दूर बसून त्यातले सारे पुसू शकतो. लॉक उघडता येत नसेल तर फ्लाईट मोडवर टाकणे जमेलच असे नाही. म्हणून तो रेंज अडवणाऱ्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत न्यायचा आणि तेथेही अशाच बंदिस्त पेटीत किंवा खोलीत उघडायचा, ही जगभरातली रीत आहे.

ही गोष्ट आमच्या वाचकांना अगदी जवळची आहे. ॲट्रॉसिटीच्या किंवा घरातल्या मारहाणीच्या प्रकरणात पुष्कळदा एकमेव तटस्थ साक्षीदार म्हणजे फोन. शिवीगाळीचे रेकॉर्डिंग, धमकीचा संदेश, वाट अडवतानाचा व्हिडिओ. धमकी देणारा दुसऱ्या दिवशी शहाणा होतो आणि पाठवलेला संदेश 'सर्वांसाठी' पुसून टाकतो. तुमचा फोन नेटवर्कपासून तुटलेला असेल तोवर पुसण्याचा हा हुकूम पोचत नाही. म्हणून धमकी आली की फोन फ्लाईट मोडवर टाकावा, वाय-फायही बंद करावे. दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो घ्यावेत, त्यांत पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. ठराविक दिवसांनी आपोआप नाहीसे होणारे संदेश फ्लाईट मोडमध्येही जातात, तेव्हा फोटो घ्यायला दिरंगाई करू नये. मूळ फोन विकू नये, दुरुस्तीला देऊ नये, रेकॉर्डिंग कापून छोटे करू नये. पाऊच नसला तरी या साऱ्याला काही अडत नाही.

फोन पोलिसांकडे देताना पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय क्रमांक, फोन चालू होता की बंद, हे लिहिले गेले का ते पाहावे आणि पावती घ्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्ती यांचे व्हिडिओ चित्रण करणे आवश्यक आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात 'हॅश व्हॅल्यू' लिहिण्याची जागा आहे. हॅश व्हॅल्यू म्हणजे फोनमधल्या माहितीच्या अंगठ्याचा ठसा. आतले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. तो जप्तीनंतर लवकरात लवकर नोंदला गेला तर पुढे कुणालाही 'हे मागाहून घातले' किंवा 'हे मागाहून काढले' असे म्हणता येत नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून लागू असलेल्या कलम 15अ नुसार पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण मागता येते आणि कार्यवाहीचे चित्रण व्हावे अशी तरतूद आहे.

ठाण्यात एकटे जाऊ नये. वस्तीतल्या वकील मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्यावे आणि फोन हातातून देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : हा कशात बंद करून ठेवणार, ठसा कधी घेणार, आणि जप्तीच्या कागदाची प्रत आम्हाला आत्ता मिळणार ना.